कुंपणाकडे बघून दिलेलं उत्तर

सकाळी मुलं उठत नाहीत ही तक्रार नसलेलं घर दाखवा! हाका मारून आईचा घसा बसतो, पांघरूण ओढावं लागतं, पाण्याचा शिपका मारायची धमकी द्यावी लागते. दूरदेशी समुद्राकाठच्या बानी गावातल्या मिगेलीनाच्या घरी मात्र उलटंच होतं. तिची पंधरा वर्षांची लिसबेल आईच्या आधी जागी व्हायची आणि पलंगाच्या काठावर नुसती बसून राहायची. पाय जमिनीला लावावेत की नाही, याचा विचार करत असल्यासारखी.

"झालं का गं? जॅकेट घाल. शेजारचे कोंबडेसुद्धा आरवून दमले."

"घालते, आई."

ते जॅकेट मिगेलीनानं स्वतः शिवलं होतं. जुन्या जीन्स उसवून, पुढेमागे कप्पे करून, त्यात समुद्राकडच्या टेकाडांवरची वाळू भरून. गावात व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींच्या घराघरांत असलं जॅकेट होतं. वजन अंगावर घेऊन उड्या मारल्या की पाय लोखंडाचे होतात, ही गोष्ट कुणीतरी कुणाला तरी सांगितली होती आणि मग ती सगळ्यांची झाली होती. तान्ह्या बाळाचं वजन सांगावं तशा आया एकमेकींना जॅकेटाचं वजन सांगायच्या. "माझीचं तर मलाच उचलवत नाही बाई!" यात अभिमान असायचा.

मागच्या अंगणात पाण्याच्या हौदाशेजारी सिमेंटचा ओटा होता. लिसबेल त्यावर उभी राहिली, गुडघे वाकवले आणि उडी मारली. धप्प. पुन्हा धप्प. प्रत्येक उडीला हौदातलं पाणी थरथरायचं.

"वर बघ, वर! जाळी वर असते, जमिनीत नाही."

"आई, नडगी ठणकतेय."

"ठणकतेय म्हणजे लागू पडतंय. अजून थोड्या मार, मग बस."

एवढं बोलून मिगेलीना स्वयंपाकघरात वळली आणि उकडलेली हिरवी केळी कुस्करायला लागली. गरजेपेक्षा जास्तच जोरात. बाहेरून येणारे धपके ती मोजत नव्हती, पण ते तिच्या कानातून जातही नव्हते. दोन धपक्यांमधलं अंतर वाढलं की हात थांबायचा. पुन्हा आवाज आला की चालू व्हायचा.

ती काही दुष्ट बाई नव्हती. तिच्या गल्लीतल्या मुली सोळाव्या वर्षी कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जात आणि सतराव्या वर्षी कडेवर मूल घेऊन परत येत. मिगेलीना स्वतः तशीच परत आली होती, आणि कडेवरचं ते मूल म्हणजेच लिसबेल. मुलगी जन्मल्यापासून तिच्या मनाला एकच घोर लागला होता, हिचं तसं होऊ द्यायचं नाही. व्हॉलीबॉलसाठी निवड झालेल्या मुलींसाठी राजधानीत वसतिगृह होतं. शाळा होती, पोटभर जेवण होतं, डॉक्टर होता. मिगेलीनाला ते एका उंचावरच्या खिडकीसारखं वाटायचं. उडी मारल्याशिवाय हात पोचणार नाही अशी खिडकी. आणि येत्या शनिवारी त्या खिडकीतली माणसं मुली निवडायला स्वतः बानीला येणार होती!

घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस करायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, डोक्यावर घ्यायचा एक मोठा ड्रायर. त्या दिवशी ड्रायरखाली गल्लीतली दोन्या फेफा बसली होती, डोकंभर रोलर लावून. वयानं मोठ्या बाईला तिकडे मानानं 'दोन्या' म्हणतात. मांडीवर झाकण लावलेलं पातेलं. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत गावात प्रत्येक घरी घेवड्याची गोड खीर शिजते आणि ती शेजारी वाटल्याशिवाय कुणी खात नाही. दोन्या फेफाची खीर चांगली असायची. तिच्याबरोबर फुकट मिळणारं बोलणं पचायला जड जायचं.

"माझी अरिआना म्हणते, आजी, इथे आठवड्यातून तीनदा मासे असतात. आणि फिजिओ की काय तो पाय चोळून देतो. राणीसारखी ठेवलीय पोरीला!"

"हो का," मिगेलीना म्हणाली. गेल्या वर्षी फेफाची नात निवडली गेल्यापासून मिगेलीनानं हे मासे कानांनी बरेच खाल्ले होते.

"तुझीचं कसं चाललंय? परवा बघितलं मी मैदानावर. जरा बसल्या बसल्याच उडी मारते की काय, असं वाटलं."

मिगेलीनाच्या हातातला कंगवा थांबला. "उन्हाचा त्रास झाला होता तिला."

"छपराखाली ऊन?" फेफा हसली. "रागावू नकोस गं. तिच्या जॅकेटात थोडी वाळू वाढव. आणि दुखतंबिखतं म्हणाली तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक इंजेक्शन. माझ्या अरिआनाला मी तेच केलं. टोचलं की घोडीसारखी पळते!"

तेवढ्यात लाईट गेली. ड्रायर घरघरत थांबला आणि गल्लीभर एकच सुस्कारा ऐकू आला.

"घ्या! आता ही ओली डोकी घेऊन बसा," म्हणत फेफा ड्रायरखालून उठली आणि दाराजवळच्या, वाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बदकन बसली. "अगं आई गं! काय आहे हे टॉवेलाखाली? दगडाची उशी केलीस का?"

टॉवेलाखाली जॅकेट होतं. सकाळी घाईत टाकलेलं. फेफा उठली तशी त्याची शिवण उसवली आणि वाळूची बारीक धार फरशीवर सांडायला लागली. नेमक्या त्याच वेळी दारात व्हॉलीबॉलच्या प्रोफे, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, नुरिस उभ्या होत्या.

नुरिस पूर्वी देशाच्या संघात खेळलेल्या. आता गावातल्या मुलींना शिकवत. अगदी बारीक कापलेले केस, त्यामुळे या दुकानात त्यांचं काही काम नव्हतं.

"या ना प्रोफे, बसा. खीर घ्या, दोन्या फेफाची आहे."

"खीर घेते," नुरिस म्हणाल्या, पण बसल्या नाहीत. वाळूच्या धारेकडे बघत राहिल्या. "समुद्र घरात शिरला का?"

"ते... मांजरासाठी आणली होती."

"मांजर जीन्स घालतं वाटतं."

फेफा फिसकन हसली. नुरिस खाली वाकल्या, जॅकेट उचललं, हातात तोललं आणि परत ठेवलं.

"मी विचारायला आले होते की लिसबेल घरी काय करते. आता विचारायला नको. महिन्यापूर्वी तिची उडी बघून मीच चकित झाले होते. आता रोज थोडी थोडी खाली येतेय. आणि बोलत नाही. काही विचारलं की 'ठीक आहे, प्रोफे'."

"तुम्हीच तर त्यांना रबराचे पट्टे बांधता!" मिगेलीना उसळली. "कमरेला पट्टा, जमिनीला हुक, आणि म्हणता मार उडी. ते ओझं चालतं, आणि माझं नाही?"

"चांगला प्रश्न विचारलात," नुरिस म्हणाल्या आणि आता बसल्या. "मी रबर लावते ते मुलीला खाली ओढायला. त्या ओढीविरुद्ध तिनं झटकन उसळावं म्हणून. झटकन, हे महत्त्वाचं. थोड्या उड्या झाल्या की विश्रांती. उडी जराशी जरी मंदावली तरी मी पट्टा सोडते, कारण दमलेल्या, मंद उड्या मारत राहिलं तर अंग मंदपणाच शिकतं. आणि पट्टा सोडल्यावर मोकळी उडी मारायला लावते. तेव्हा ती मुलगी कशी वर जाते बघितलंय तुम्ही? स्वतःच हसायला लागते. त्या मोकळ्या उडीसाठी सगळा खटाटोप. तुम्ही मैदानाच्या कुंपणाबाहेरून पट्टा बांधताना बघता. सोडताना कुणी बघत नाही."

"पण जास्त वजन म्हणजे जास्त ताकद. साधी गोष्ट आहे."

"बरं. तुम्ही केस सरळ करायचं क्रीम लावता ना? किती वेळ ठेवता?"

"डब्यावर लिहिलंय तेवढा. केस बघून कमीच."

"दुप्पट वेळ ठेवलं तर दुप्पट सरळ होतात का?"

याचं उत्तर तिच्याइतकं चांगलं गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. धुताना हातात आलेले झुपकेच्या झुपके तिनं बघितले होते. डोक्याची आग होत असूनही 'राहू दे अजून, सहन होतंय' म्हणून हट्ट करणाऱ्या बायका बघितल्या होत्या.

"मुलगी म्हणजे केस नव्हे," ती शेवटी म्हणाली.

"नव्हेच. केस परत उगवतात."

बाहेर कुणीतरी ओरडलं, "लाईट आली!" गल्लीभर टाळ्या वाजल्या. फेफा घाईघाईनं ड्रायरखाली जाऊन बसली. ड्रायरच्या घरघरीत नुरिसनी जाताजाता एवढंच सांगितलं, "शनिवारपर्यंत तिला आराम द्या. आणि दुखतंय का ते तिला विचारा. मला ती सांगणार नाही."

मिगेलीनानं त्यातलं अर्धं मानलं. जॅकेट पलंगाखाली ढकललं. पण विचारलं मात्र नाही. विचारायचं तिला भय वाटत होतं. विचारलं आणि पोर 'हो' म्हणाली, तर मग शनिवारचं काय?

शुक्रवारी लिसबेल शाळेतून आली ती भिंतीला हात लावत, एक पाय उचलून उचलून. आईला बघताच सरळ चालायला लागली. मिगेलीनानं ते चालणं बघितलं आणि तिच्या अंगातला सगळा अस्वस्थपणा हातापायांत उतरला. तिनं फरशी पुसली, परत पुसली, आरसा पुसला. मग पाकीट उचललं.

"चल. दुकानात जाऊन येऊ."

"कुठल्या?" लिसबेलनं विचारलं, पण तिला कळलं होतं.

औषधाच्या दुकानातली मुलगी सुई भरता भरता हसली. "व्हॉलीबॉल का? सकाळपासून रांग लागलीय नुसती. सगळ्यांच्याच पोरी उद्या उडणार आहेत."

मिगेलीनालाही बरं वाटलं. सगळेच करतात म्हणजे चुकीचं कसं असेल! आपल्या सगळ्यांचंच हे असंच असतं ना? रांग दिसली की आपण निर्धास्त होतो.

लिसबेलनं डोळे मिटले, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. लहानपणी लस टोचताना हीच मुलगी आख्खा दवाखाना डोक्यावर घ्यायची. घरी येताना मिगेलीनानं तिला नारळाची वडी घेऊन दिली. तिनं ती हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

शनिवारी छपराखालच्या मैदानाभोवतीच्या जाळीला बोटं अडकवून आईबाप उभे होते. कुणी पंख्यानं वारा घेत होतं, कुणी नखं खात होतं. राजधानीहून एक उंच, सावळ्या बाई आल्या होत्या, बरोबर मोजमाप घेणारा एक तरुण. मुली ओळीनं बसल्या होत्या. नुरिस पट्टे बांधत होत्या, सोडत होत्या.

लिसबेलची पाळी आली. कमरेला पट्टा. चार-दोन उड्या, रबर ताणलं गेलं, सैल झालं. नुरिसनी पट्टा काढला. लिसबेल दोन पावलं मागे गेली, हात मागे झोकले आणि वर गेली.

काय उडी होती ती! क्षणभर ती तिथेच राहणार असं वाटलं. कुंपणावर "आहा!" उमटलं. दोन्या फेफानं मिगेलीनाच्या पाठीत गुद्दा घातला. "बघ! सांगितलं होतं ना मी? इंजेक्शन!"

मिगेलीना हसली. आणि हसता हसता तिला दिसलं की लिसबेल एकाच पायावर उतरली. दुसरा पाय तिनं नंतर अलगद टेकला, जसा आपण कुणाचं झोपलेलं मूल गादीवर ठेवतो तसा. दुखत तर नव्हतं तिला. पण पायाला आठवत होतं.

पुन्हा उडी. पुन्हा तेच उतरणं. मिगेलीनाची बोटं जाळीत घट्ट झाली. कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिला ऐकू आलं नाही.

मग त्या राजधानीच्या बाईंनी मुलींना एका ओळीत उभं केलं आणि एकेकीला शांतपणे विचारायला लागल्या, "शेवटच्या फेरीआधी सांग, बाळा. कुठे दुखतंय का? पाय, गुडघा, पाठ?"

पहिल्या मुलीनं कुंपणाकडे बघितलं. तिच्या बापानं किंचित मान हलवली. "नाही," मुलगी म्हणाली.

दुसरीनं कुंपणाकडे बघितलं. "नाही."

तिसरीनं बघितलं. "नाही, मॅडम."

पाय त्यांचा, गुडघा त्यांचा, दुखणं त्यांचं. आणि उत्तर मात्र त्या कुंपणावर शोधत होत्या!

लिसबेलची पाळी आली. बाईंनी प्रश्न विचारला. लिसबेलनं मान वळवून बरोब्बर आईकडे बघितलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. 'काय सांगू?' एवढंच होतं. हीच पोर लहानपणी अंगणात पडली, की एवढंसं खरचटलेलं कोपर घेऊन रडत धावत यायची. 'आई, बघ, इथे! फुंकर घाल!' तिची ती धाव कधी थांबली? कुणी थांबवली?

मिगेलीनाला वाटलं, नुसती मान हलवायची. एकदाच. ती खिडकी आता एवढी जवळ आहे.

"नाही," लिसबेल म्हणाली.

"खोटं!"

हा आवाज आपलाच आहे हे मिगेलीनाला स्वतः कुंपणाच्या दारातून आत धावत असताना कळलं. "थांबवा तिला! मॅडम, तिचं ऐकू नका! तिचा पाय ठणकतोय, कितीतरी दिवस ठणकतोय! मी काल इंजेक्शन दिलंय तिला! मी दिलंय!"

मग कुंपणावर एकच गलका उठला.

"वेड लागलं का गं तुला?" ही फेफा.

"स्वतःच्या पोरीचं नुकसान केलंस ते केलंस, आता आमच्याही पोरी तपासतील!" हा कुणाचा तरी बाप. त्याच्या आवाजातली भीती सगळ्यांनाच ओळखता आली.

सगळ्यात जोरात ओरडली ती लिसबेल. "आई! का सांगितलंस? मी मारली असती उडी! आणखी एकच होती! एकच!" आणि ती मैदानाच्या मधोमध बसून ढसाढसा रडायला लागली.

मिगेलीना तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. नुरिसनी लिसबेलचा मोजा खाली केला, नडगीवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं. औषधाचा असर असूनही मुलीचा श्वास अडकला. नुरिसनी राजधानीच्या बाईंकडे बघून मान हलवली.

"आज ही उडी मारणार नाही," बाई म्हणाल्या. मग वळून ओळीकडे बघितलं, आणि या वेळी त्या मुद्दाम मुली आणि कुंपण यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "परत विचारते. माझ्याकडे बघून सांगा."

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मग पहिल्या मुलीनं, जिच्या बापानं मान हलवली होती तिनं, हात अर्धा वर केला. "माझा गुडघा," ती पुटपुटली. "जिना उतरताना."

दवाखान्यात फोटो काढला. नडगीच्या हाडाला बारीकशी चीर होती. डॉक्टर म्हणाले, अशाच चार उड्या आणखी मारल्या असत्या तर हाड पूर्ण मोडलं असतं आणि मग व्हॉलीबॉल टीव्हीवरच बघायला लागलं असतं. आता आराम, मग हळूहळू चालणं, मग बघू. त्या वर्षीच्या निवडीत लिसबेलचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी येईल का, हे नुरिसनीही सांगितलं नाही. खोटं आश्वासन द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

लिसबेल आईशी बोलेना. हवं ते मागायची, दिलेलं खायची, पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची. मिगेलीनाचे हात जॅकेट उसवण्यात गेले, मग वाळू अंगणातल्या कुंड्यांत ओतण्यात गेले, मग त्यांना काही काम उरलं नाही. एका दुपारी ती पलंगाच्या काठावर जाऊन बसली.

"लिसबेल, तू मला कितीदा सांगितलंस दुखतंय म्हणून. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

लिसबेलनं पांघरूण वर ओढलं.

"मला भीती वाटायची गं. तू माझ्यासारखी इथेच अडकशील याची. त्या भीतीपायी मी तुलाच हाकत सुटले."

मग भिंतीकडून आवाज आला. "आई."

"काय गं?"

"इथे खाजतंय. पट्टीच्या आत. आणि ही उशी फार कडक आहे. आणि काल तू भातात मीठ जास्त घातलं होतंस."

मिगेलीना उठली, दुसरी उशी आणली आणि पाठमोरी होऊन डोळे पुसले. पोरीनं कुरकुर केली होती! केवढ्या दिवसांनी!

दुकानात बायका सुरुवातीला तिच्याशी तुटक वागल्या. दोन्या फेफा तर आलीच नाही. मग एक दिवस आली, डोक्याला रुमाल बांधून, गुपचूप खुर्चीत बसली. मासे नाहीत, राणी नाही.

"काल फोनवर अरिआनाला विचारलं मी," ती आरशाकडे न बघता म्हणाली. "खरं सांग म्हटलं, दुखतं का गं कुठे? इतक्या महिन्यांत विचारलंच नव्हतं." तिनं डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडली. "किती वेळ नुसती रडत होती, माहितीये तुला? मग म्हणाली, आजी, कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, आता सगळ्यांना सांगणार!"

मिगेलीनानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. रोलर लावायचे राहू दिले थोडा वेळ.

पाय बरा झाल्यावर लिसबेल परत सरावाला गेली तेव्हा मैदानावर एक नवीनच रीत सुरू झाली होती. ती सुचवली होती मिगेलीनानं आणि आधी सगळे तिला हसले होते. सराव सुरू होण्याआधी नुरिस हाक देतात, "कुंपण, पाठ!" आणि जाळीला लटकलेले सगळे आईबाप, आजीआजोबा, पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात. मग नुरिस प्रत्येक मुलीला विचारतात, कुठे दुखतंय, झोप झाली का, आज ओझं घ्यायचं का. येणारेजाणारे मोटरसायकलवाले खिदळतात, "काय हो, सगळ्यांना शिक्षा झाली वाटतं!" हसू देत त्यांना. त्या दिवशी रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मिगेलीनाला मागून मुलीचा आवाज आला, चांगला मोठा आणि ठणठणीत, "प्रोफे, आज टाच थोडी दुखतेय, मी पट्टा नाही घेणार." आणि खरं सांगते, तिथल्या कुठल्याही उडीपेक्षा आईला तो आवाज उंच गेल्यासारखा वाटला.

वाचकहो, आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी एक कुंपण आहे. कुठे ते मैदानाचं असेल, कुठे अभ्यासाच्या टेबलाचं, कुठे नाचाच्या वर्गाचं. त्याच्या अलीकडे आपण उभे असतो, माया पोटात आणि घाई डोळ्यांत घेऊन. मुलांना थोडं ओझं द्यावं, जरूर द्यावं, त्याशिवाय त्यांचे पाय भक्कम होत नाहीत. पण ते ओझं उतरवायची वेळ ओळखणं हे मोठ्यांचं काम आहे, आणि ती वेळ फक्त मूलच सांगू शकतं. म्हणून आज घरी गेलात की एकदा विचारा, 'कुठे दुखतंय का रे? कुठे दुखतंय का गं?' आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा. आपल्या तोंडाकडे न बघता ते उत्तर आलं, तर समजा आपल्या हातून एक चांगलं काम झालं.